आईचं दूध की पावडरचं?

चोपड्याच्या भाच्याचं बाळ आतडी पोटाबाहेर घेऊनच जन्मलं, म्हणजे गॅस्ट्रोस्किसिस. ऑपरेशन झालं, आता दूध कोणतं द्यायचं, असं तो विचारतो.

गर्भजलात उघडी राहिलेली आतडी सुजून जाड होतात, पोटात बसवल्यावरही सुस्त चालतात. वर एनईसीचा धोका, म्हणजे आतडं सुजून सडण्याचा. इथे आईचं दूध सरळ पुढे: पचायला हलकं, एनईसीचा धोका कमी. पावडर ही राखण करत नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो.

खर्चाचं सांगायलाच नको. कष्ट मात्र आईलाच जास्त: दिवसरात्र मिळून आठेक वेळा दूध काढायचं, जळगावच्या उन्हाळ्यात लगेच फ्रीजमध्ये ठेवायचं.

थोडंसं येत असलं तरी आईचंच. कमी पडलं तर दूधपेढीचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध विचारा. तेही नसेल, किंवा डॉक्टरांनी खास फॉर्म्युला लिहून दिला असेल, तरच पावडर. किती आणि कधी, ते डॉक्टरच ठरवतील.