कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला सांगितलाय? जुना पार्ट गॅरेजमध्ये सोडून येऊ नका

जुनी पेट्रोल गाडी वापरणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा प्लीज. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, हा धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा गाडीखाली एक्झॉस्टच्या पाइपमध्ये असतो, आणि गाडीखाली वाकून कोणी बघत नाही, नेमकं तिथेच गंडवतात.

आमची २०१२ ची हॅचबॅक, पुणे पासिंग, बीएस फोर (धुराच्या प्रदूषणाचं मानक). चेक इंजिनचा लाइट लागला आणि चढाला गाडी झटके मारायला लागली म्हणून घराजवळच्या गॅरेजला दाखवली. त्याने स्कॅनर लावला, पी०४२० कोड (कॅट नीट काम करत नाही असं सांगणारा) आला आणि लगेच म्हणाला, साहेब कॅट गेला, कंपनीचा घ्याल तर चाळीस हजारांच्या वर जाईल, मी इम्पोर्टेड साडेसोळात बसवून देतो. संध्याकाळी गाडी मिळाली, लाइट गेलेला, बाबा खूश. झटके होतेच, त्यावर म्हणे थोडी चालवा, सेट होईल. जुना पार्ट मागितला तर "तो भंगारात गेला साहेब, तुम्ही काय करणार त्याचं".

भंगार नाही हो ते! आत चिनी मातीची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर असतो. मारुती ईकोचे सायलेन्सर चोरीला जायच्या बातम्या येतात ना, त्या ह्याच मालासाठी. कॅट निकामी झाला तरी धातू आतच राहतो, म्हणजे गॅरेजवाल्याने आमच्याकडून पैसे पण घेतले आणि माल पण.

पीयूसीला गेलो तेव्हा उघडं पडलं. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड १.४ टक्के, बीएस फोर पेट्रोलला मर्यादा ०.३ ची. मग भोसरीच्या एका जुन्या मेकॅनिक काकांकडे नेली. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, मागचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा, एक कॅटच्या पुढे आणि एक मागे असतो) काढला आणि त्या भोकातून वायरवाला छोटा कॅमेरा आत सरकवला. मोबाईलवर जाळीच दिसेना, थेट पुढच्या पाइपचं तोंड दिसत होतं. रिकामा डबा! बाहेरून मस्त चकचकीत वेल्डिंग, आत काही म्हणजे काही नाही.

मग लाइट गेला कसा? सेन्सरच्या आट्यांवर बोटाच्या दोन पेरांएवढा एक स्टीलचा तुकडा चढवला होता, त्याला स्पेसर म्हणतात. त्याने सेन्सर धुराच्या झोतातून बाहेर ओढला जातो, रीडिंग शांत होतं आणि ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं कॅट व्यवस्थित काम करतोय. हे बघून खरंच संताप आला, कारण हा हलगर्जीपणा नाही, ठरवून केलेलं काम आहे.

काका म्हणाले नुसत्या कोडवर कॅट कधीच बदलायचा नसतो. इंजिन गरम करून स्कॅनरवर लाइव्ह डेटा बघायचा, पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली होतं, मागच्याचं ०.६-०.७ च्या आसपास स्थिर पाहिजे. मागचं पण पुढच्यासारखंच नाचत असेल तर कॅटवर संशय, आणि तेव्हाही आधी एक्झॉस्टला कुठे लिकेज आहे का, मिसफायर (सिलेंडरमधलं पेट्रोल नीट न पेटणं) आहे का, इंजिन ऑइल खातंय का हे बघायचं. आमच्या गाडीत तिसऱ्या सिलेंडरची कॉइल (स्पार्क प्लगला करंट देणारी) मिसफायर करत होती, झटके त्याचेच होते. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं, जाळी तापून वितळते, त्यामुळे खरा नवीन कॅट बसवला असता तरी तोही गेला असता. आमचा जुना खरंच खराब होता की नव्हता हे आता कळायला मार्गच नाही, तो पार्टच हातात नाही.

परत गेलो तर गॅरेजवाला सरळ म्हणाला मी दिला तेव्हा चांगला होता, मधे कोणीतरी उघडला असेल. बिलावर फक्त "सायलेन्सर वर्क" लिहिलंय, ना कंपनी ना पार्ट नंबर. तरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार टाकलीये, कॅमेऱ्याचा व्हिडिओ आणि पीयूसीची स्लिप जोडून.

तुम्हाला कोणी कॅट बदलायला सांगितला तर गाडी सोडायच्या आधीच जॉबकार्डवर "जुना पार्ट परत" लिहून घ्या, खालून आधीचे आणि नंतरचे फोटो काढा, मागच्या सेन्सरखाली एक्स्ट्रा तुकडा दिसतोय का ते बघा, आणि पैसे द्यायच्या आधी गाडी पीयूसीवर नेऊन सीओचा आकडा स्वतः वाचा. ह्याला नाही म्हणणारं गॅरेज असेल तर गाडी तिथून तशीच बाहेर काढा.