ऑनलाइन कपल थेरपीच्या नावाखाली आम्हाला कसं गंडवलं

लांबलचक होणार आहे पण वाचा, कारण या जाहिराती आता जिकडेतिकडे दिसतात आणि ज्यांना खरंच गरज असते तेच यात अडकतात. आधीच सांगते, माझा राग थेरपीवर नाही, ऑनलाइन थेरपीवर तर अजिबात नाही, आम्ही आत्ताही व्हिडिओवरच घेतोय आणि फरक पडतोय. राग आहे तो आधीच्या त्या ॲपवर. नाव लिहित नाहीये, कारण बँकेकडे तक्रार चालू आहे.

नवऱ्याचं आणि माझं बोलणं मुलाच्या शाळेपुरतं उरलं होतं. ॲपवर एकट्यासाठी, जोडप्यासाठी, अख्ख्या फॅमिलीसाठी असे तीन प्लॅन आणि सुरुवातीला फुकट टेस्ट. झोप लागते का, भूक कशी आहे, कशात मन लागतं का, गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, वगैरे. हे प्रश्न ॲपवाल्यांचे नाहीतच, पीएचक्यू-९ म्हणून डिप्रेशनची एक प्रश्नावली आहे, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली, कोणीही फुकट वापरू शकतं. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७. डॉक्टरही ती वापरतात पण अंदाज घ्यायला, निदान त्यावरून होत नाही, त्यासाठी माणसाशी बोलावं लागतं. इथे शेवटचं बटण दाबलं की लाल रंगाचं मीटर आणि ‘गंभीर’. नवऱ्याने भरली, त्याचंही ‘गंभीर’. आणि गंमत पुढे, नंतर त्याने दुसऱ्या ईमेलवरून सगळीकडे ‘अजिबात नाही’ टिक केलं, म्हणजे बेरीज शून्य, तरी निकाल काय तर ‘मध्यम धोका, आजच सुरुवात करा’!

पण मला सगळ्यात जास्त संताप येतो तो नवव्या प्रश्नाचा. तो प्रश्न मरून जावंसं वाटणं किंवा स्वतःला इजा करावीशी वाटणं याबद्दल असतो. मी तिथे ‘काही दिवस’ असं टिक केलं होतं. कुठलाही धड माणूस हे उत्तर बघितल्यावर सगळं बाजूला ठेवून आधी विचारेल की तुम्ही आत्ता सेफ आहात का, सोबत कोण आहे, निदान हेल्पलाइनचा नंबर तरी देईल. माझ्यासमोर काय आलं तर उलटं धावणारं घड्याळ, ‘तुमच्यासाठी खास सवलत, फक्त दहा मिनिटं’. मी काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं नव्हतं असं नाही, नीट वाचलं होतं, कारण नंतर सेल्सवाल्या मुलीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, मॅम तुमची उत्तरं बघितली, तुम्ही एकट्या राहू नका, आम्ही आहोत ना, कपल प्लॅन घ्या. म्हणजे दुखणं मीच लिहून दिलं आणि त्याच्यावरच बोट ठेवून माल विकला.

प्लॅन घेतल्यावर कळलं की ‘कपल’ म्हणजे दोघांची वेगवेगळी अकाउंट आणि दोघांच्या कार्डवरून वेगवेगळे पैसे, जॉइंट सेशनचे परत निराळे. ज्या काउन्सेलर बाई मिळाल्या त्यांच्या नावापुढे ‘सर्टिफाइड’ लिहिलेलं. कशात सर्टिफाइड, कोणी केलं, काहीच नाही. नवऱ्याने रजिस्ट्रेशन नंबर विचारला तर उत्तर आलं की प्रायव्हसी पॉलिसीमुळे देता येत नाही. अहो, जिथे लायसन्स लागतं तिथे ते रजिस्टर सहसा सगळ्यांना बघता येतं, ते असतंच त्यासाठी! प्रायव्हसी पेशंटची असते, थेरपिस्टच्या नंबरची कसली प्रायव्हसी. खूप मागे लागल्यावर एक पीडीएफ आली, ती कुठल्याशा ‘लाइफ कोच’ कोर्सची निघाली. कोच असणं गुन्हा नाही, पण मग थेरपिस्ट म्हणवून घेऊ नका.

चॅटवर तर कहरच. मी रात्री मोठा मेसेज लिहायचे, सकाळी उत्तर ‘तुमच्या भावना मी समजू शकते, यावर अजून सांगाल का?’ नवऱ्यालाही तेच, शब्दन् शब्द सारखं. आम्ही फोन शेजारी ठेवून बघितलं आणि कितीतरी दिवसांनी एकत्र हसलो, तेवढा एक फायदा म्हणायचा. आणि जॉइंट सेशनमध्ये बाईंनी नवऱ्याने एकट्याच्या फॉर्ममध्ये लिहिलेली एक गोष्ट माझ्यासमोर धाडकन बोलून टाकली. तो पांढराफटक पडला. लगेच वर, ‘बघा, हे एवढं खोल आहे, यासाठी ॲडव्हान्स पॅकेज लागेल, आत्ता सोडलंत तर तुम्ही वेगळे व्हाल.’

आत्ताच्या थेरपिस्टनी पहिल्याच भेटीत सांगितलं की एकट्याने सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं की नाही याचा नियम आधी तिघांनी ठरवायचा, काय गुप्त राहील आणि जिवाला धोका असेल तर काय गुप्त राहणार नाही तेही आधीच. शिवाय दोघांना वेगवेगळं विचारलं की घरात भीती वाटते का, मारहाण आहे का, कारण तसं असेल तर दोघांना एकत्र बसवणं धोक्याचं ठरू शकतं. लायसन्स नंबर न विचारता दिला. आणि आमचं नातं टिकेलच असं वचन दिलं नाही.

आता पैशाचं. ॲप डिलीट केलं म्हणून सबस्क्रिप्शन बंद होत नाही, हे नीट लक्षात घ्या. ॲप स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन कॅन्सल करावं लागतं. आमचं कार्डवरून थेट होतं, त्यात कॅन्सलचं बटणच नाही, चॅटवर मागायचं, मग ते म्हणणार आधी ‘क्लोजर सेशन’ घ्या, त्याला तारीख पुढच्या महिन्याची, तोवर पुढचा हप्ता गेलेला. शेवटी बँकेला सांगून ऑटो पेमेंट बंद करवलं आणि व्यवहारावर डिस्प्यूट टाकला. स्क्रीनशॉट होते म्हणून बँकेने ऐकून तरी घेतलं, तेव्हा चॅट, जाहिरात, निकालाचं पान, सगळं आधीच सेव्ह करून ठेवा, नंतर अकाउंट लॉक करतात.

राहिली माहिती, आणि ती परत मिळत नाही. घटस्फोटाच्या वकिलांच्या जाहिराती आम्हाला नंतर दिसायला लागल्या, त्याचं कारण हेच ॲप असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण असं होतच नाही असं कोणी म्हणू नये. अमेरिकेत एफटीसीने (ग्राहकांचं हित बघणारी तिथली सरकारी संस्था) २०२३ मध्ये बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपीच्या मोठ्या कंपनीवर (आमचं ॲप हे नव्हे) नेमका हाच ठपका ठेवला, की गुप्त ठेवू म्हणून घेतलेली प्रश्नावलीची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंना दिली. कंपनीने चूक कबूल केली नाही पण ७८ लाख डॉलरवर तडजोड झाली. आणि फिनलंडमध्ये तर वास्तामो नावाच्या थेरपी सेंटरच्या हजारो पेशंटच्या नोंदी चोरून २०२० मध्ये एकेका पेशंटला ईमेल करून खंडणी मागितली गेली. ते सेंटर दिवाळखोरीत गेलं. म्हणून फुकट टेस्टमध्ये खरं नाव, मुख्य ईमेल टाकू नका, आणि समोर कोण आहे ते कळेपर्यंत मनातलं काही लिहू नका.

आमच्यातला एक हप्ता परत मिळालाय, नवऱ्याचा. माझ्या कार्डचा अजून ‘तपास चालू’ दाखवतोय. अकाउंट पूर्ण पुसा असा मेल लेखी पाठवलाय, त्याला ऑटो रिप्लाय आला, त्यात खाली फॅमिली प्लॅनची ऑफर.