इम्प्लांटआधीचे बोन ग्राफ्ट: चार पर्यायांचा अनुभव

दात काढल्यावर वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. त्यामुळे इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दाताचा हाडात बसणारा स्क्रू, लावण्याआधी रिकाम्या खाचेत बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर, म्हणून काय भरायचे, हा प्रश्न मला इम्प्लांटच्या ब्रँडपेक्षा मोठा वाटतो.

गाइस्टलिख या स्विस कंपनीचे बायो-ऑस मी सर्वाधिक वापरले आहे. गाईबैलांच्या हाडातला सेंद्रिय भाग उष्णतेने व रसायनांनी काढून टाकल्यावर उरणारे सच्छिद्र खनिज म्हणजे हे दाणे. पाव ते एक मिलिमीटरचे दाणे रुग्णाच्या रक्तात भिजवले की ओल्या वाळूसारखे एकमेकांना धरतात आणि खाचेत नीट दाबून बसवता येतात. ते फार सावकाश झिजतात, म्हणून भरलेला आकार टिकतो. वरच्या पुढच्या दातांपाशी, जिथे हिरडी बसली की हसताना खड्डा दिसतो, तिथे माझी पहिली पसंती यालाच आहे. मात्र सहा महिन्यांनी ड्रिल करताना नव्या हाडात अडकलेले जुने दाणे स्पष्ट दिसतात, म्हणजे जागा भरलेली असली तरी ती सगळी जिवंत हाडाने भरलेली नसते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून दात्यांच्या ऊतींवर प्रक्रिया करून त्या गॅमा किरणांनी निर्जंतुक करते. तिथले मानवी हाड तुलनेने लवकर झिजून त्या जागी रुग्णाचे हाड येते. चारही भिंती शाबूत असलेल्या दाढेच्या खाचेत मी तेच भरतो. तिसरा पर्याय रुग्णाच्या स्वतःच्या हाडाचा. त्यात जिवंत पेशी असतात, ही बरोबरी कोणालाच जमत नाही. पण हनुवटीतून ते काढताना दुसरी जखम होते आणि खालचे दात काही काळ बधिर राहू शकतात.

कृत्रिम बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटच्या एका ब्रँडने मला निराश केले. हाड तयार होण्याआधीच दाणे विरघळले आणि हाडाची कड आत बसली.

तरीही तो पर्याय मी ठेवतोच. संमतिपत्रावर नुसते ‘बोन ग्राफ्ट’ लिहिणे मला पटत नाही, कारण बायो-ऑसचे दाणे गोवंशाचे आणि ते झाकायला वर ठेवायचा बायो-गाइड पडदा डुकराच्या कोलॅजेनचा असतो. एका जैन आजींनी कुपी हातात घेऊन विचारले, “डॉक्टर, हे कशाचं आहे?” मी सांगितल्यावर त्यांनी, हाडाची रुंदी थोडी कमी मिळेल हे समजून घेऊन, कृत्रिम दाणेच निवडले.