प्रिन्स ऑफ टेनिसचा यू-१७ वर्ल्ड कप सीझन: बघाच, पण छोट्या टीम्सना न्याय मिळालेला नाही

द प्रिन्स ऑफ टेनिस या जपानी कार्टून सिरीजचा यू-१७ वर्ल्ड कप सीझन, २०२२ चा, १३ एपिसोडचा, परत एकदा सलग बघून काढला. टेनिस खेळणाऱ्या किंवा नुसतं बघणाऱ्या कुणालाही मी हा बघ म्हणेन. पण एक तक्रार आहे आणि ती छोटी नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. थोडे स्पॉइलर येतील.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: ताकेशी कोनोमीची ही मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, १९९९ ला शोनेन जंप मासिकासारख्या साप्ताहिकात सुरू झाली, २००८ ला संपली, आणि पुढच्याच वर्षी जंप स्क्वेअर मासिकात दुसरा भाग सुरू झाला. पहिला भाग पूर्ण शाळा-शाळांचा. दुसऱ्यात आधी मोठ्या मुलांबरोबरचा ट्रेनिंग कॅम्प आणि मग त्यातून निवडलेली जपानची टीम १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला ऑस्ट्रेलियात. हा सीझन तिथला.

जे जमलंय ते फार सुंदर जमलंय. तेजुका, म्हणजे इतकी वर्षं ज्याच्या मागे सगळी सेइगाकू, म्हणजे सिरीजच्या नायकाची शाळेची टीम, उभी होती तो कॅप्टन, जर्मनीकडून खेळतो. बॉलला असा स्पिन द्यायचा की समोरच्याने कुठेही मारला तरी बॉल फिरून आपल्याकडेच यावा, हा त्याचा झोन आपण आत्तापर्यंत आपला माणूस म्हणून टाळ्या वाजवत बघितला आणि आता तोच माणूस नेटच्या पलीकडे. र्‍योमा, म्हणजे सिरीजचा नायक, तर आधी अमेरिकेच्या टीममध्ये जातो, भावापायी, आणि मग परत जपानकडे येतो. देशासाठी खेळायचं म्हणजे नक्की कुणासाठी, हा प्रश्न कुणी भाषण न देता समोर येतो आणि मला या सीझनची सगळ्यात मोठी कमाई हीच वाटली. अ‍ॅनिमेशनबद्दल मात्र फार अपेक्षा ठेवू नका, बऱ्याच रॅली स्थिर चित्रं आणि चेहऱ्यांच्या क्लोजअपवर भागवल्यात.

आता तक्रार. वर्ल्ड कप म्हटल्यावर मला सगळ्यात जास्त उत्सुकता छोट्या टीम्सची असते. ग्रीस घ्या. इथे ग्रीसकडे झ्यूस इलिओपुलोस नावाचा प्लेअर आहे, दिसायला संगमरवरी पुतळा, वागायला देव, एंट्री एकदम जबरदस्त. पण हा मुलगा कुठल्या क्लबात खेळला, त्याच्या देशात टेनिसला कोण विचारतं, हरला तर घरी काय होणार, यातलं मला काहीच कळलं नाही. आपली पोरं किती वाढलीत ते दाखवायला ग्रीस आली आणि गेली. आणि ग्रीसचं निदान नाव तरी लक्षात राहतं, बाकी कितीतरी देश नुसते नावापुरते.

हे जास्त लागतं कारण खऱ्या टेनिसमध्ये छोट्या देशांच्या गोष्टी इतक्या भरलेल्या आहेत. स्टेफानोस त्सित्सिपास २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला एटीपी फायनल्स, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम आठ प्लेअर्सची स्पर्धा, जिंकला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तोच माणूस अथेन्सला डेव्हिस कप या देशांच्या पुरुष टीम स्पर्धेच्या युरोप ग्रुप तीनमध्ये, म्हणजे खालच्या पायरीवर, खेळत होता, कारण त्याचा देश ग्रीस तिथेच होता! झिम्बाब्वेचे बायरन आणि वेन ब्लॅक घ्या, हरारेजवळ अ‍ॅव्होकाडोच्या शेतावर वडिलांनी बनवलेल्या ग्रास कोर्टांवर वाढलेले भाऊ, आणि १९९८ ला यांच्या झिम्बाब्वेने डेव्हिस कपमध्ये ऑस्ट्रेलियाला ऑस्ट्रेलियात, मिल्ड्युराच्या ग्रासवर हरवलं. सानियाबरोबर २०१४ ला डब्ल्यूटीए फायनल्स जिंकणारी कारा ब्लॅक ही यांचीच बहीण. अशी एक तरी टीम या वर्ल्ड कपमध्ये हवी होती ना, एका घरातली, एका शेतावरची.

दुसरं म्हणजे फॉरमॅट. खरी ज्युनिअर डेव्हिस कप १६ वर्षांखालची, टीममध्ये तीन मुलं, एका लढतीत दोन सिंगल्स आणि एक डबल्स. आता देश छोटा आणि चांगला प्लेअर एकच असेल तर काय होतं बघा: तो आपली सिंगल्स जिंकतो, दुसरा हरतो, एक-एक, आणि मग त्याच दमलेल्या पोराला डबल्सला परत कोर्टवर यावं लागतं, अख्खी लढत त्याच्या पायांवर. यापेक्षा मोठा ड्रामा कुठला? यासाठी कुठल्या स्पेशल शॉटची गरज नाही. सिरीजमध्ये मोठ्या टीम्सकडे प्लेअरची रांग लागलेली, प्रत्येक मॅचला नवा चेहरा, त्यामुळे हा ताण कधी जाणवतच नाही.

हा ताण मी पुण्यात बघितलाय. एप्रिल २०२५ ला म्हाळुंगे-बालेवाडीला बिली जीन किंग कप, म्हणजे देशांच्या महिला टीमची स्पर्धा, तिचा आशिया-ओशनिया ग्रुप एक झाला, भारत, न्यूझीलंड, कोरिया, थायलंड, हाँगकाँग आणि चायनीज तैपेई, सहातल्या फक्त दोन पुढे जाणार. तिथेही दोन सिंगल्स, एक डबल्स. एक मुलगी सिंगल्स हरून बाहेर आली, बेंचवर बसून मांडीला टेप लावून घेतली, केळं खाल्लं, आणि थोड्या वेळाने डबल्सला परत उभी. चेंजओव्हरला कॅप्टन तिच्यासमोर उकिडवी बसून बोलत होती, ती मान हलवत होती पण नजर बाजूच्या जोडीदारावर, कारण तिला जपायचं होतं ते त्या दुसरीला. उन्हाने सगळे भाजून निघालेले तरी स्टँडमधली मोजकी माणसं हलली नाहीत. मला अ‍ॅनिममध्ये हे बघायचंय.

आणि कोनोमीला हे येत नाही असंही नाही, म्हणून तर राग येतो. या वर्ल्ड कपमध्ये जपान स्वतःच कुणी फेव्हरेट नाही. सुरुवातीलाच जर्मनीबरोबर प्रदर्शनीय लढत होते आणि आपण कुठे आहोत ते पोरांना कळतं. त्यानंतरची बेंचवरची शांतता, सिनिअर-ज्युनिअर एकमेकांकडे बघायचं टाळतात तो सगळा भाग इतका खरा आहे की मी तो मागे घेऊन परत बघितला. छोट्या टीमचं मन त्याला नेमकं माहितीये, फक्त ते सगळं त्याने एकाच टीमला दिलंय. ग्रीसला त्यातला अर्धा एपिसोड जरी दिला असता तरी जपानचा विजय कितीतरी मोठा वाटला असता.

पाचपैकी साडेतीन. नवीन असाल तर थेट इथून सुरू करू नका, निदान जुन्या सिरीजमधली शाळांची नॅशनल्स बघून या, नाहीतर तेजुका पलीकडे उभा आहे याचं काहीच वाटणार नाही. जुने असाल तर हा संपवून लगेच २०२४ चा सेमीफायनल सीझन लावा, त्यात तेजुका आणि जपानच्या युकिमुराची मॅच आहे आणि ती रात्री उशिरा सुरू करू नका, मधे थांबवता येत नाही.