मानेवाडा रोडचं पैसे काढायचं दुकान: काम फास्ट, पण ती वही आत ठेवा ना भाऊ

3 स्टार, अन् तिन्ही कामाचे. गावाकडे पैसे पाठवणं असो की आधारवर अंगठा लावून सासूबाईंची पेन्शन काढणं, हा भाऊ पटापट करून देतो, जास्तीचे पैसे मागत नाही, पावती देतो, म्हाताऱ्या माणसांवर खेकसत नाही. बँकेत सर्व्हर डाऊन ऐकण्यापेक्षा इथंच बरं.

पण काउंटरवर ती लांब वही उघडी पडलेली असते ना, त्यात नाव, मोबाइल नंबर, अख्खा 12 आकडी आधार, बँक, किती काढले, सगळं एका ओळीत, लाइनीत उभं राहिलं की आपोआप वाचल्या जाते. गल्लीतल्या काकूंनी किती पैसे काढले हे मला काहून माहीत असावं बाप्पा? त्यात हा बॅलन्स मोठ्यानं सांगतो, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांचीही सोय!

आता हे गंभीर काहून आहे तं आधारवाल्या व्यवहाराला पिनही लागत नाही अन् ओटीपीही नाही, आधार नंबर, बँकेचं नाव अन् अंगठा, एवढ्यावर पैसे निघतात. त्यातल्या दोन गोष्टी त्या वहीत लिहिलेल्या आहेत. अन् अंगठ्याचे नकली ठसे बनवून खाती साफ केल्याच्या केसेस देशात झाल्या आहेत.

मी विचारलं, भाऊ पूर्ण आधार काहून लिहिता, तं म्हणे रात्री कॅशचा हिशोब लावावा लागते. अहो पण हिशोबाला शेवटचे 4 आकडे पुरतात की, मास्क्ड आधारवरही (पहिले 8 आकडे झाकलेलं आधार) तेवढेच दिसतात. माझ्यासमोर हसत 4 लिहिले, माझ्या मागच्या आजोबांचे परत पूर्ण 12. 2023 च्या डेटावाल्या कायद्याची धमकीही देता येत नाही, तो डिजिटल माहितीपुरता आहे, नुसत्या कागदी वहीला लागत नाही, पानाचा फोटो काढून कॉम्प्युटरात घातला तं गोष्ट वेगळी.

म्हणून जाणार असाल तं आधारच्या सरकारी अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, म्हणजे अंगठा चालतच नाही, दुकानात पोचल्यावर तेवढ्यापुरतं उघडायचं. फक्त आधारला मोबाइल जोडलेला पाहिजे, कितीतरी म्हाताऱ्यांचा तोच नसतो किंवा नंबर जुना असतो, मग बऱ्याचदा आधी आधार केंद्राची चक्कर. रिचार्जसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर आधारचा फोटो मागितला तं पाठवू नका, कशाला लागतो तो? यूपीआयनं देणार असाल अन् आयडीत तुमचा मोबाइल नंबर असेल तं अ‍ॅपमध्ये दुसरा आयडी बनवून घ्या, पोरींनी तं नक्कीच.

वही ड्रॉवरमध्ये गेली तं चौथा स्टार लगेच देईन. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शनवाल्यांची खूप गर्दी असते, तेव्हा सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा.