१० मि.मी.ची दोन लेगची चेन स्लिंग: गावाकडच्या हायड्राला पुरते का?

चेन स्लिंग म्हणजे हायड्रा क्रेनच्या हुकाला लटकवून भार उचलायची साखळी. वस्तू अशी आहे. वर एक मोठी मास्टर लिंक, म्हणजे क्रेनच्या हुकात अडकवायची कडी, तिच्यातून लोंबणारे १० मि.मी. ग्रेड ८० (ग्रेड म्हणजे ताकदीचा दर्जा) साखळीचे दोन लेग, म्हणजे दोन पदर, प्रत्येकी २ मीटर, टोकाला लॅचचे, म्हणजे तोंडावर झडप असलेले हूक आणि साखळी आखूड करायला दोन शॉर्टनर. वजन बारा किलोच्या आसपास, म्हणजे एक हेल्पर खांद्यावर टाकून नेईल इतकं. कापसाच्या जिनिंगच्या मशिनरीचे भाग, ट्रॅक्टरचं इंजिन, लिफ्टिंग लग (उचलायचे कान) असलेला ट्रान्सफॉर्मर, खदानीतला दगड या कामांना ती चांगली आहे. पण २ मीटर लांबी बऱ्याच कामांत कमी पडते आणि लॅचचे हूक आपल्या विदर्भातल्या वापरात फार टिकत नाहीत.

घेताना आधी टॅग, म्हणजे स्लिंगला अडकवलेला बिल्ला पाहा. टॅगवर साखळीची जाडी, ग्रेड, लेग किती, कोणत्या कोनापर्यंत किती टन आणि नंबर असतो. १० मि.मी. ग्रेड ८० चा एकटा लेग ३.१५ टनाचा. दोन लेग उभ्या रेषेपासून ४५ अंशांच्या आत असतील तर ४.२५ टन, ४५ ते ६० अंशांत पुन्हा ३.१५ टनच. तुटण्याची मर्यादा याच्या चौपट असते, पण ती राखीव ताकद झटक्यासाठी आणि झिजेसाठी आहे, वापरून टाकायला नाही. साखळीवरही दर वीस कड्यांच्या आत कुठेतरी ८ किंवा ८० चा ठसा असायला हवा. ट्रॉली ओढायची जी साखळी हार्डवेअरमध्ये किलोवर मिळते, तीही १० मि.मी.चीच असते आणि लांबून अगदी अशीच दिसते. तिच्यावर ठसा नसतो, टॅग नसतो. तिने भार उचलू नये.

खरी गोची कोनाची आहे. आकडा टॅगवर छापलेला असला तरी साखळीवर प्रत्यक्ष किती ताण येतो हे हूक किती लांब-लांब लावले त्यावर ठरतं. समजा ४ टनांचा प्रेसचा सांगाडा आहे आणि लेग २ मीटरचे. हूक २ मीटर अंतरावर लावले तर प्रत्येक लेगवर साधारण २.३ टन येतात. अंतर २.८३ मीटर झालं की कोन बरोबर ४५ अंश आणि ताण २.८ टन. तेच हूक ३.४६ मीटरवर ताणून लावले की प्रत्येक लेगवर पूर्ण ४ टन. भार तोच, साखळी तीच, पण आता ३.१५ च्या लेगवर ४ टन चढले. कोनमापक कोणाच्या खिशात नसतो, टेप असतो. म्हणून लेगची लांबी मोजा. हुकांमधलं अंतर लेगइतकं असेल तर निर्धास्त. दीडपटीच्या जवळ आलं तर थांबून लांब स्लिंग आणा. पावणेदोन पटीला तर उचलूच नका.

भार एका बाजूला जड असेल, इंजिनला गिअरबॉक्स जोडलेलं असतं तसा, तर दोन्ही लेग सारखं उचलत नाहीत. तेव्हा टॅगवरच्या आकड्याच्या निम्मे धरा, म्हणजे ४.२५ चे २.१ टन. दोनपैकी एकच लेग लावला तरी तेच. साखळी वस्तूभोवती फिरवून फास घेतला तर आकड्यातून वीस टक्के कमी, ४.२५ चे ३.४ होतात. धारदार कडेवरून साखळी वळत असेल आणि त्या कडेची गोलाई साखळीच्या जाडीपेक्षाही कमी असेल तर थेट निम्मे. कडेखाली जुन्या टायरचा जाड तुकडा किंवा लाकडाचा ठोकळा सारला की हा प्रश्न बराचसा सुटतो, आणि वस्तूची कडही वाचते.

सिमेंटच्या पाइपांना मात्र हिचा उपयोग नाही. १००० मि.मी. आतला व्यास आणि ११५ मि.मी. भिंतीचा अडीच मीटरचा पाइप साधारण अडीच टनांचा भरतो, वजनाची अडचण नाही. पण बाहेरचा घेर ३.९ मीटरच्या जवळ जातो, म्हणजे २ मीटरच्या लेगचा वेढासुद्धा पुरा होत नाही. मग लोक हूक सरळ पाइपच्या दोन्ही तोंडांत अडकवतात. हुकाच्या टोकावर भार आला की हूक उघडतो किंवा सिमेंटचा काठ फुटतो, आणि पाइप नालीत उभ्या माणसावर येतो. पाइपला रुंद पट्टाच बरा. घासून चकचकीत केलेल्या शाफ्टलाही पट्टा, साखळीने चरे पडतात.

हुकाबद्दल. साधा लॅच म्हणजे पत्र्याची जीभ आणि एक स्प्रिंग. भार खाली टेकला, साखळी सैल पडली, हूक आडवा झाला की ती जीभ वाकते आणि मग कायमची उघडी राहते. खड्ड्यात, शेतात, उताराच्या धुऱ्यावर हे रोजचं आहे. सेल्फ-लॉकिंग हूक महाग पडतो, पण ताण आला की आपोआप मिटतो आणि सैल पडला तरी उघडत नाही. कोणताही हूक असो, त्याचं तोंड भारापासून बाहेरच्या बाजूला ठेवा. शॉर्टनरच्या काही प्रकारांत ताकद कमी होते, काहींत होत नाही. हे सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं, दुकानातच वाचा. साखळीला गाठ मारून किंवा दोन कड्यांत बोल्ट घालून ती आखूड करणं हा मरणाचा शॉर्टकट आहे.

विदर्भातल्या दोन गोष्टी साखळीला लवकर खातात. उन्हाचा त्यात हात नाही, ४६ अंशांचं तिला काहीच वाटत नाही; २०० अंशांपर्यंत ताकद पूर्ण राहते. पहिली गोष्ट पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल. तो रेतीसकट कड्यांच्या सांध्यात बसतो आणि प्रत्येक उचलीला कानशीसारखा घासतो. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच चिखलात फसलेला ट्रॅक्टर याच स्लिंगने ओढून काढणं. चाकं मोकळी होतानाचा झटका किती टनांचा असतो ते टॅगला माहीत नसतं. बोअरमध्ये अडकलेला पाइप उपसतानाही तसंच. ओढायला वेगळी साखळी ठेवा, उचलायची त्यात मिसळू नका.

काम झालं की पाण्याने धुवा, वाळवा, हलकं तेल लावून टांगा. टांगल्यावर एक लेग दुसऱ्यापेक्षा लांब दिसला तर तो कधीतरी ताणला गेलाय, स्लिंग बाजूला. व्हर्नियरने कडीचा घासलेला भाग दोन दिशांनी मोजा, सरासरी ९ मि.मी.च्या खाली गेली की बाद. कडीची आतली लांबी नवी असताना ३० मि.मी. असते, ३१.५ झाली तर बाद. हुकाचं तोंड दहा टक्के उघडलं तर बाद. तडा, खोल खाच, पिळलेली कडी असेल तर मोजायचीही गरज नाही.

वेल्डिंगवाल्याकडे मात्र नेऊ नका. ही साखळी उष्णता-प्रक्रिया केलेल्या मिश्रधातूची असते. टाका दिसायला भक्कम, पण आजूबाजूची ताकद गेलेली. ॲसिडने गंज काढणं किंवा जस्ताचा मुलामा देणं यानेही पोलाद ठिसूळ होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. जिनिंगच्या आगीत सापडलेली स्लिंग, निळी-तांबूस झालेली, तर फेकूनच द्या. ४०० अंशांच्या वर गेलेल्या साखळीचा भरवसा नसतो. फेकताना कडी-कडी कापा, नाहीतर आठवड्यात कोणाच्या तरी ट्रॉलीला दिसते.

कारखान्यात वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी हा १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ पासून चालत आलेला नियम आहे. जिनिंगवाल्यांना ती हंगामाआधी, दिवाळीच्या तोंडावर न ठेवता उन्हाळ्याच्या मेंटेनन्सआधी ठेवणं सोयीचं, कारण स्लिंगचं सगळ्यात जड काम तेव्हाच असतं.

मागणी देताना असं लिहून द्या: १० मि.मी., ग्रेड ८०, दोन लेग, लांबी ३ मीटर, ताकद न घटवणारे दोन शॉर्टनर, सेल्फ-लॉकिंग हूक, टॅग आणि टेस्ट सर्टिफिकेटचा नंबर जुळता. ३ मीटर घेतली तर गरज पडेल तेव्हा आखूड करता येते. २ मीटरची लांब करता येत नाही.