बँकॉकचं चतुचक मार्केट: पिशव्या भारी, चपला तपासून घ्या

आमचा दारव्ह्याचा आठवडी बाजार पाहून मोठं झालेल्या माणसाले हे मार्केट म्हणजे जत्राच वाटते, 27 सेक्शन अन् हजारो दुकानं. शनिवार-रविवारीच जा, मो चित स्टेशनवरून पायीच जाता येते, पण सकाळीच घुसा, दुपारी पत्र्याखाली लय उकडते. आईसाठी हत्तीच्या नक्षीची कापडी पिशवी घेतली, शिवण दुहेरी, चेन मजबूत, आतून अस्तर बी आहे, चार घेतो म्हटल्यावर बाईनं कॅल्क्युलेटरवर भाव कमी करून दाखवला. चपलेत मात्र फसलो, हॉटेलात पाहतो तं एक 8 नंबरची अन् दुसरी 9 ची, बदलाले गेलो तं ते गल्लीच सापडेना! दुकान नंबरचा फोटो काढूनच ठेवा.